यादीतलं पाचवं गाव

आई : मान मोडात गो तुझी. सकाळपासून त्या वळणाकडे बघतस.

उर्वशी : मोडूंदे. गाडी दिसली काय मी पुढे धावतलंय. ती गावात शिराच्या आदी माका तेंका गाठूक व्हया.

आई : आणि गाठून सांगतलंस काय?

उर्वशी : ताच तर सुचणा नाय! "येवा, पण घरात जाऊक मिळाचा नाय" म्हणान सांगू? तीन म्हयने, आये! तीन म्हयने मी ती खोली सारवतंय, चुनो काढतंय, पडदे शिवतंय. आणि पयले पावणे येऊचे नेमके तेवाच गावपळण!

आई : मगे? देवान तुझ्या पावण्यांची तारीख इचारून कौल देवक व्हयो होतो?

उर्वशी : चार वर्सांनी एकदा गाव सोडूचो. तो चार दिस मागसून सोडलो असतो तर काय बिघाडला असता? कौल घेताना कोणी नुसता म्हटला असता, देवा, कृष्णाबाईच्या उर्वशीकडे नाताळाक पावणे येतले आसत...

आई : हां. आणि देव म्हणालो असतो, व्हय काय? माका म्हायतच नाय. काय जेवतत ते? मासे खातत काय?

उर्वशी : हस तू. तुका बराच झाला. तूच म्हटलंस ना, ही पयली माणसां रवली तर खोली पावण्यांची, नायतर परत जाळ्यांची?

आई : म्हटलंय. पडवेत जाळी उंदीर कुरतडतत, आणि खोली रिकामी. तिची काय आरती करू?

उर्वशी : माणसां रवतली. बघ तू.

आई : खंय? ह्या खोपीत, त्या शेळयेच्या बाजूक?

उर्वशी : कौल झालो त्याच सांजेक तीन वेळा फोन केलंय तेंका. नुसती घंटी वाजता, उचलणा कोण नाय. आदीच भायर पडले असतले. पयली आंबोली, मगे पिंगुळी, मगे आरोंदा... पेपरात छापला त्याच क्रमान फिरतत ते. आपलो गाव पाचवो.

आई : त्या पेपरान खाल्ल्यान तुका. कोणाक न इचारता घरचो फोन नंबर छापूक दिलंस.

उर्वशी : "सुट्टीत पाहावीत अशी पाच देखणी गावं", आये! त्यात आपली खाजणवाडी, आणि खाली माझा नाव, इयत्ता दहावी! बाईंनी वर्गात उभ्यान वाचूक लावल्यानी. आपल्या गावाचा नाव एस्टीच्या पाटयेर सोडून आजपर्यंत खंय छापलेला तू बघलंस? ...आये! गाडी! पांढरी!

(ओढ्याच्या पुलापाशी, झावळ्यांच्या खोपींसमोर गाडी थांबते.)

पाहुणी : ए पोरी, खाजणवाडी हीच काय? का आणि पुढं जायचं?

उर्वशी : हीच! म्हणजे, हा ओढा ओलांडला की. तुम्ही पोवारकाकू ना, इचलकरंजीच्या? मी उर्वशी! फोनवर मीच बोलले होते.

पाहुणी : तूच होय ती! अगंबाई, फोनवर एवढी फाडफाड बोललीस, मला वाटलं कॉलेजातली असणार. बरं, चल, आधी घर दाखव. पोरानं सकाळपासून तीनदा उलटी केलीय, ह्यांची कंबर धरलीय. मला फक्त गरम पाणी पाहिजे बघ. समुद्र उद्या बघू, कुठं पळून जात नाही तो.

उर्वशी : काकू, एक छोटीशी अडचण आहे.

पाहुणी : पाणी नाही?

उर्वशी : पाणी आहे.

पाहुणी : लाइट गेलीय?

उर्वशी : लाइट पण आहे. माणसं नाहीत. म्हणजे आहेत, पण ती ही सगळी इथे. गावात कुणीच नाही. गावपळण आहे.

पाहुणी : काय आहे?

उर्वशी : गावपळण. देवाचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर येऊन राहतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांना घेऊन. हा ओढा म्हणजे आमची वेस. आम्ही काल सकाळी बाहेर पडलो, परवा परत कौल झाला की आत जाणार.

पाहुणी : मला काही कळेना. साथबिथ आलीय काय गावात?

उर्वशी : नाही हो! सगळे ठणठणीत आहेत.

आई : चार वर्सां आमी तेच्या डोक्यार नाचतांव. तीन दिस तेकाव जरा मोकळा सोडूचा. सांग तिका.

उर्वशी : आई म्हणते, गावाला पण सुट्टी लागते.

पाहुणी : गावाला सुट्टी! आणि आमची सुट्टी गं? चार दिवस झाले फिरतोय तुमच्या त्या पेपरातल्या यादीवर. आंबोलीला गेलो, म्हणे धबधबे. डिसेंबरात कसले धबधबे? ओला दगड दाखवला एका माणसानं. पिंगुळीला गेलो, तर बाहुल्या खेळवणारे बाहेरगावी खेळाला गेलेले, पेटीसकट. आरोंद्याची खाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू, पण होडीवाला म्हणतोय उद्या या. चौथ्या गावाचा तर रस्ताच सापडला नाही. ह्यांना म्हटलं, असू दे, पाचवं तरी चांगलं असणार, ती पोरगी किती जीव तोडून सांगत होती. आणि पाचव्या गावाला सुट्टी!

उर्वशी : मी तीनदा फोन केला हो काकू. देवाशप्पथ.

पाहुणी : आम्ही रस्त्यात, फोन कोण घेणार? आणि इथं ह्यांच्या मोबाइलला रेंज नाही. बरं, घर कुठाय तुमचं?

उर्वशी : ते काय. माडाखाली, लाल कौलांचं. निळी खिडकी दिसते ना, तीच तुमची खोली. रंग मीच दिलाय.

पाहुणी : ते? ते तर इथनं दगड मारला तर लागेल!

उर्वशी : हो.

पाहुणी : मग एवढं काय त्यात? आम्ही कुठं तुमच्या गावचे? तुम्ही राहा बाहेर, देव तुमचा आहे. आम्हाला किल्ली दे, आमचं आम्ही बघतो.

उर्वशी : किल्ली नाहीय.

पाहुणी : हरवली?

उर्वशी : कुलूपच नाही. गावपळणीला कुणी कुलूप लावत नाही. नुसती कडी आहे.

पाहुणी : मग झालंच की! तू फक्त पुढं हो, चूल कुठं, पाणी कुठं ते दाखव. दहा मिनिटं. मुलाकडं बघ गं, सीटवर कसा पडलाय.

उर्वशी : आये...

आई : माझ्याकडे काय बघतस? पावणे तुझे. वेस तुका दिसता. दहावीत आसस.

उर्वशी : तू जा म्हणशीत तर जातंय.

आई : मी म्हणणंय नाय. आणि जावक नको असाव म्हणणंय नाय.

उर्वशी : असा कसा बोलतस गो! काय तरी एक सांग ना!

पाहुणी : काय म्हणतायत त्या? हो म्हणतायत ना?

उर्वशी : नाही काकू. नाही येता येणार मला. तुम्ही गेलात तर तुम्हाला कुणी अडवणार नाही, पण मी नाही येणार. त्या पलीकडच्या खोपीत सीताकाकी आहे, नऊ दिवसांचं बाळ घेऊन पडलीय ती. थंडीत. ती बाहेर, आणि मी दहा मिनिटांसाठी आत जाऊन चूल पेटवून येऊ?

पाहुणी : नऊ दिवसांची बाळंतीण? ह्या असल्या झोपडीत?

उर्वशी : चांगली शेकोटी आहे तिला. दोन सासवा आहेत बघायला, सख्खी आणि चुलत.

पाहुणी : मला एक सांग. चार वर्षांनी येतं म्हणजे हे काही अचानक नाही. तुला ठाऊक होतं. पेपरात तू 'पहाटे रापणीचं जाळं ओढायला चला' लिहिलंस, 'दिवसा कुणाच्या घराचं दार बंद नसतं' लिहिलंस, आणि एवढी मोठी गोष्ट लिहायची राहिली? मी शाळेत शिकवते गं. मुलं कुठली गोष्ट विसरतात आणि कुठली लपवतात, मला कळतं.

उर्वशी : राहिली नाही. गाळली.

पाहुणी : का?

उर्वशी : तुम्ही लोक वाचणार होतात म्हणून. म्हणाल, दोन हजार चार साल उजाडलं आणि ही माणसं देव म्हणतो म्हणून कोंबड्या काखोटीला मारून पळतायत. मागच्या खेपेला आमच्या शाळेत बाहेरून आलेले एक सर होते. त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, काय गं, तुमचा उंदीर पण पळतो का वेशीबाहेर? सगळे हसले. मी पण हसले. मग लिहायला बसले तेव्हा... लाज वाटली.

आई : काय वाटली म्हटलंस?

उर्वशी : आये, तू चूल बघ.

आई : चूल डोळ्यांनी बघतंय. कान मोकळे आसत.

पाहुणी : खुळी आहेस बघ. अगं, समुद्र काय, माड काय, सगळीकडं असतात. हे कुठं बघायला मिळतं? अख्खं गाव ओस! अहो, ऐकलं का, कॅमेरा आणा तो! रोलमध्ये आहेत ना चार-पाच फोटो? आईंना म्हणावं चुलीपाशी अशाच बसा. पदर जरा डोक्यावर घ्या. आणि ती शेळी पुढं घे, म्हणजे मागं ओस पडलेलं गाव दिसेल.

आई : शेळयेक इचार, तिका चलता काय.

पाहुणी : त्या बाळंतिणीचा पण एक घेऊ. पाळणा असेल ना? मी लिहून देते पेपरात, तुझ्या नावानं देते. बघ मग कशी रांग लागते इथं पुढच्या वेळी!

उर्वशी : फोटो नको, काकू.

पाहुणी : अगं, तुझ्याच भल्यासाठी.

उर्वशी : नको म्हणजे नको. ती काय देखावा आहे? आई आहे माझी. सकाळपासून धुरात बसलीय, तिने अजून दातसुद्धा घासले नाहीत.

आई : घासलंय गो! कायव खोटा सांगतस.

पाहुणी : बघा! लपवलं म्हणून विचारलं तर लाज वाटते म्हणतेस. चांगलं म्हटलं तर राग येतो. तुला पाहिजे तरी काय पोरी?

उर्वशी : मला पाहिजे होतं तुम्ही खोलीत राहावं. खिडकीतून खाडी बघावी. सकाळी मी घावणे केले असते, तुम्ही म्हणाला असतात, वा. बास. एवढंच पाहिजे होतं.

पाहुणी : हॉर्न वाजवतायत हे. मालवणात एखादा लॉज बघतो आता. उद्या परत निघायचंय, परवापर्यंत काय थांबता येत नाही आम्हाला.

उर्वशी : मालवण अर्धा तास. पुढे तिठ्यावर डावीकडे वळा. उजवीकडे नको, तो रस्ता वाळूत संपतो.

पाहुणी : बरं. आणि ऐक, रागावून नको राहू. पण पेपरवाल्यांना मी कळवणार आहे, यादी छापताना दिवसवार बघून छापा म्हणावं. येते.

उर्वशी : सावकाश जा.

आई : गेली?

उर्वशी : गेली. डावीकडे वळली. परवा आत गेलांव काय भर त्या खोलीत जाळी. पडदेय काढ.

आई : भरीन. आदी ह्यो टोप खाली उतरून दी. माका एकटीक उचलणा नाय.

उर्वशी : येवडो भात? आपण दोघांच ना? बाबा मामाकडे जेवतलो म्हणालो.

आई : गाडी दिसली तेवा तिगांचो वाढवलंय.

उर्वशी : तिगांचो? तेंका जेवूक?

आई : पावणो वेशीर इलो तरी पावणोच. ह्या सगळ्यात "जेवलास काय" असा इचारूचा रवला आपला.

उर्वशी : माझ्या तोंडात आलाच नाय गो ता! खोली, खोली करीत रवलंय. पण तू तरी म्हणाचा! जेवली असती, ता पोरगा जरा आडवा झाला असता हंय सावलेक... कित्याक नाय बोललंस?

आई : बोलतलंय होतंय. मगे ती म्हणाली, शाळेत शिकवता. आणि हंय काय, भात आणि सुक्या बांगड्याचा तिखला. घरात असतंय तर कोंबो कापलो असतो. म्हटलंय, येवड्या मोठ्या बायेपुढे ह्या कसा ठेवू.

उर्वशी : ताटां खंय आसत?

आई : आता रडतस कित्याक?

उर्वशी : रडणंय नाय. धूर गेलो डोळ्यात. वाढ. तिगांचोव मीच खातंय.