धरून की सोडून?

नाही, पण मला एक सांगा, दोन म्हणजे किती? हसू नका! मीही हसायचो. दोन म्हणजे दोन, त्यात काय विचारायचं... विचारायचं असतं हो! कुणी म्हणालं, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, तर जिना चढायच्या आधी तुम्ही विचारता ना, तळमजला धरून की सोडून? मग मी का नाही विचारलं?

तुम्हाला सांगतो, गाडी आमच्या बाबांची. टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारी. आणि बाबांचा अभिमान काय, तर बावीस वर्षांत इंजिन उघडलं नाही! पाहुण्याने चपला काढायच्या आत हे वाक्य. धाकटा भाऊ म्हणाला, ‘भंगारात काढा आता.’ बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. ‘फक्त इंजिन उघडायची वेळ आणू नकोस.’ एवढंच मागितलं हो त्या माणसाने!

आणि गाडीचा कॉम्प्युटर गेला. म्हणजे पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा डबा. पाणी झिरपून आतून हिरवागार. तसला डबा आता कुणी बनवत नाही. दुकानदाराने दोन नवे ठेवले समोर. ‘हा साधा, लावा आणि विसरा. आणि हा... यात सगळं तुमच्या हातात.’ सगळं माझ्या हातात! अहो, घरात टीव्हीचा रिमोट माझ्या हातात नसतो! घेतला तो. बायको म्हणाली, ‘साधा का नाही घेतलात?’ म्हटलं, तुला यातलं काय कळतंय. सगळं कळत होतं हो तिला!

ट्यूनिंग करणारे एक मास्तर आहेत. बोलणं कमी, तेही मिशीतल्या मिशीत. गाडी रोलरवर चढवली, कानाला हेडफोन लावला, दोन दिवस गाडी जागच्या जागी बोंबलतेय आणि मास्तर लॅपटॉपवर एकेक आकडा असा टाकतायत, जसं चिमटीने मीठ. झकास चालली! घरी आणली. आणि इथे माझी अक्कल पाजळली. डॅशबोर्डवरचा काटा टर्बोचा दाब दाखवतो पाऊण, लॅपटॉप दाखवतो पावणेदोन. कारण बाहेरची साधी हवा असते ना, ती कॉम्प्युटर एक धरतो आणि वर टर्बोची पाऊण. तळमजला धरून! पण मला खटकलं. सेटिंगमध्ये एक बटण सापडलं, दाबलं, दोन्हीकडे पाऊण. अगदी टापटीप!

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन. ‘एक राहिलंच. दाब फार चढला की पेट्रोल तोडायचं, ती मर्यादा घाला. दोन टाका.’ टाकतो की, म्हटलं! धरून की सोडून? छे, कोण विचारतंय! टाकले दोन.

रविवारी बाबा शेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट घालून. मोकळा रस्ता, पुढे चढ... ‘दाब जरा,’ बाबा म्हणाले. स्वतःहून म्हणाले! दाबली. आणि टर्बोला लगाम घालणारी एक रबरी नळी असते, करंगळीएवढी, ती नेमकी तेव्हाच निसटली. काटा पाऊण, एक, दीड... अरे तोड, पेट्रोल तोड! तो डबा कशाला तोडतोय, तो दोनाची वाट बघत बसलाय, मीच सांगितलेल्या! बाबा म्हणाले, ‘आवाज वेगळा येतोय रे...’ आणि धाडकन! मग कसलाच आवाज नाही.

मास्तरांनी इंजिन उघडलं. उघडलं! पिस्टनचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. ‘दोनच टाकले होते ना?’ ‘दोनच की!’ त्यांनी लॅपटॉप बघितला, ते बटण बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘मी हवा धरून सांगितले होते, म्हणजे काट्यावरचा एक. सोडून टाकलेत तुम्ही.’ बस, एवढंच.

बाबा रागावले नाहीत हो. रागावले असते तर सुटलो असतो. आता पाहुणे येतात, पण ते वाक्य येत नाही. बाबा आपले हवापाण्याचं बोलतात आणि मला ते ऐकवत नाही. परवा नवे शेजारी आले होते. त्यांनी सहज विचारलं, ‘मुलगे किती आपल्याला?’

आम्ही भाऊ दोन, सांगितलंच तुम्हाला. बाबा म्हणाले, ‘एक.’

धरून की सोडून... या वेळी काही विचारावं लागलं नाही.