फ्रिजवरची सापशिडी

टीव्हीच्या रिमोटला सेल घ्यायला दौलतराव दिघीतल्या दुकानात आले, तेव्हा कंपनीच्या गणवेशातला एक तरुण दुकानदार जयमालाबाईंसमोर खेळांचे खोके उघडून बघत होता. दौलतराव मागे थांबले.

“कॅरम ने की. नवराबायको रंगून खेळाल.”

“त्याला समोरासमोर बसावं लागतं, काकू. मी फर्स्ट शिफ्टला, ती सेकंडला. मी घरी पोचतो तवर तिची चाकणची बस गेलेली असते.”

“मग खेळता कवा?”

“सापशिडी फ्रिजवर मांडलेली असते. मी आलो की माझं दान टाकतो, ती आली की तिचं.”

“आन् कुणी लबाडी केली तर?”

“करतेच ती! परवा मी जिंकायला आलो होतो. घरी येऊन बघतो तर माझी सोंगटी सापाच्या शेपटीला.”

“आगं बया! आन् तू?”

“मीपण तिची खाली उतरवली. डाव संपला तर काय करायचं?”

“मग आता नवी कशाला?”

“जुनी पार झिजली. साप कुठला, शिडी कुठली, काही कळत नाही.”

जाड पुठ्ठ्याची सापशिडी घेऊन तो गेला. दौलतराव त्यातलाच एक खोका उचलून बघत होते.

“वैनींसंगं खेळायला न्यायचीय व्हय? तुमाला काय बी चालंल. दोघं दिसभर घरातच असता.”

दौलतरावांनी हातातला खोका खाली ठेवला.

“रिमोटचे सेलच दे, जयमाला. सकाळपासून घरात कसला आवाजच नाही.”