पहिल्या पानावर सगळ्यात वर

नाय, वेबसाईटवरचा हा फोटो काढ आधी. ही बाई कोण आहे, पोरी? पाठीवर काळे दगड ठेवलेत, बाजूला मेणबत्ती, कानात फूल — आपल्या जव्हारची तर नाय दिसत. नेटवरून घेतलास ना? दिसतंच आहे. चांगला आहे गं फोटो, वाईट नाय बोलत मी, पण हिला बघून माझ्याकडं कोण येईल? मोखाड्याकडची बाई भाताची आवणी करून कंबर धरून येते, डोक्यावर मोळ्या आणून मान आखडलेली असते तिची — ती बोलेल, इथं अजून दगड ठेवतात वाटतं, चल घरी. आणि येतील ते कोण? धबधबे बघायला गाड्या घेऊन येतात ना, ते येतील. आले होते दोघे गेल्या साली. मसाज है क्या, मौसी — विचारायची तऱ्हाच अशी की मी खिडकीतून खालच्या गिरणीवाल्याला हाक मारली. म्हणून बोलते, बायका आणि लहान पोरं, एवढंच लिही. मोठं लिही. रंग तुला आवडेल तो घाल, त्यातलं मला काय कळतंय.

फोन नंबर पण मोठा हवा. ते बटण — हां, तेच, बुक करा — ते असू दे, शहरातल्यांना लागतं, पण वावर गावाकडची बाई टेकडीवर चढून रेंज पकडते, तिथं ते गोल गोल फिरतच राहील. फोटो कमी घाल म्हणजे लवकर उघडेल. डेपोच्या मागं, पिठाच्या गिरणीवर, जिना चढून — असं लिही, तुझा तो नकाशा कोण बघणार. आणि ती सूचना कुठं घातलीस? मी तुला मागच्या वेळी सांगितली होती ती. — तळाला? एवढ्या बारीक अक्षरात? चष्मा लावूनसुद्धा दिसत नाय मला. नाय पोरी, ती वर घे. सगळ्यात वर, नावाच्या पण आधी. — हो, कळतंय मला. येणारं माणूस आधी बघतं आपल्याला काय मिळणार ते, पहिल्याच ओळीत भीती घातली तर पळून जाईल. बरोबरच बोलतेस, तू शिकलेली आहेस, दहा जणांच्या वेबसाईट केल्यास, पण मला पळालेलं चालेल. तू वर घे.

बरं, ते दुसरं वाच. भावेशनं पाठवलंय ते, माझ्याबद्दलचं. — 'चंपाबाई या पोशेरा गावच्या. तीस वर्षांत चारशेच्या वर बाळंतपणं त्यांच्या हातून झाली.' — चारशे कुठली, मी कधी मोजली नाय, पण असू दे. पुढं वाच. — 'माझी पत्नी कै. वर्षा हिची आई म्हणून त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत स्वतःच्या हातांनी सेवा केली.' — ते काढ. ते शेवटचं. का म्हणजे, नको आहे मला. आणि ते नाव, 'वर्षा मालीश केंद्र', ते पण काढ. नुसतं चंपाबाई लिही. — त्याला काय सांगू? सांग, सासू बोलली नको. पैसे तो देतो म्हणून काय झालं, खोली माझी आहे, हात माझे आहेत.

रागावले नाय गं तुझ्यावर. बस. पाणी पी. भावेश फार चांगला आहे, त्याच्यावर तर मी रागावूच शकत नाय. जावई म्हणून कधी वागलाच नाय तो. भिवंडीला गोडाऊनला काम करतो, सुपरवायझर झालाय आता, तरी दर रविवारी फोन — आई, जेवलीस का, आई, गुडघा कसा आहे. त्याची आई तो लहान असतानाच गेली, म्हणून मलाच आई बोलतो. वर्षा जाऊन नऊ वर्षं झाली, त्यानं दुसरं लग्न नाय केलं. मीच बोलले त्याला, कर बाबा, पोरीला बघायला कोणी हवं. तर बोलतो, तू आहेस ना. कविता मे महिन्यात पूर्ण माझ्याकडं असते, दिवाळीला असते. नऊ वर्षांची आहे. इथं बाकड्यावर बसून बघत राहते मी काय करते ते, आणि मंग माझेच पाय चोळते, एवढे एवढे हात. मला सांगते, आजी, हलू नको, पेशंटनं हलायचं नसतं. — हो, तीच. भिंतीवरच्या फोटोतली. वर्षासारखी दिसते ना? हनुवटी भावेशची आहे.

सेवा बोलतो तो. सेवाच केली मी, खोटं नाय त्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीतच आहे, सातव्या महिन्यात आणली तिला. दिवस भरले तेव्हा माझ्या हातून नाय केलं, दवाखान्यात नेलं, तेव्हाच घरी करायचं बंद होत आलेलं. तिथं बोलले मूल आडवं आहे, सिझर करायला लागेल. केलं. सहाव्या दिवशी सोडलं, जीपमधून घरी आणली, रस्ता कसा आहे तुला माहीत आहे. आमच्यात बाळंतिणीला दोन वेळा चोळतात, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी, मोहाच्या बियांचं तेल कोमट करून, मंग कडक पाण्यानं आंघोळ, मंग शेक. डोक्यापासून पायापर्यंत. पण सिझर झालेली पोर, पोटाला टाके — तिथं हात लावायचा नाय एवढं मला कळत होतं, दवाखान्यातल्या नर्सनं पण बजावलं होतं. म्हणून पोट सोडलं मी. कंबर पण जपून. आणि मला वाटलं, आपल्या लेकीला आपण अर्धंच चोळतोय, तिचं अंग कसं भरून येणार — तर जे पोटाचं राहिलं ते सगळं मी पायांना दिलं. चारशे बायका चोळल्या तशी नाय चोळली तिला, जास्त चोळली. लेक होती माझी.

डावा पाय सुजला होता. आल्यापासूनच थोडा होता, नवव्या दिवशी पोटरी टम्म झालेली, हाताला गरम लागत होती. मी बोलले, जीपमध्ये लटकून बसलीस ना, म्हणून. ती बोलली, आई, दुखतोय गं, तिथं नको. आणि मी काय बोलले माहीत आहे? दुखतं तिथंच चोळायचं असतं, त्याशिवाय मोकळं कसं होणार. खालून वर चोळायचं — घोट्यापासून गुडघ्याकडं, सूज वर ढकलायची, माझ्या आईनं मला तसंच शिकवलं, तिला तिच्या आईनं. सकाळी दहाची वेळ असेल, कविता पाळण्यात झोपलेली. वर्षा दातावर दात धरून पडून राहिली, माझ्यासाठी. मंग बोलले, ऊठ, पाणी काढलंय. उठली, दोन पावलं चालली, कुडाच्या भिंतीला हात लावला, बोलली — आई, दम लागला. एवढंच. मंग नुसती छाती वरखाली.

गाडी आली, गाडी काय लवकर नाय आली, पण आली. दवाखान्यात पोचलो तेव्हा धुगधुगी होती. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पाय बघितला त्यांनी आधी, दोन्ही पाय उघडे करून, आणि मला विचारलं, पायाला काय केलंत का, चोळलात का? — मी बोलले, नाय. — का बोलले? सांगते तुला. आम्हाला सवय आहे. दवाखान्यात गेलं की पहिले ओरडतात, पाला बांधला का, पोराला डागलं का, भगताकडं नेलं का, आणि हो बोललं की चार माणसांत बोलणी खायची, अडाणी, जंगली, तुम्हीच मारता तुमची माणसं. म्हणून आमची बाई पायरी चढायच्या आधीच ठरवून जाते, काय पण विचारू देत, नाय सांगायचं. मी विचार पण केला नाय, तोंडातून आपोआप गेलं. हाताला तेल होतं माझ्या. वास येत होता. मी हात पदराखाली घेतले. भावेशला फोन गाडीच्या आधीच गेलेला, तो तेवढ्यात भिवंडीहून येऊन पोचलेला, माझ्या बाजूलाच उभा होता. त्यानं माझं ते 'नाय' ऐकलं. त्याला तेवढंच माहीत आहे. अर्ध्या तासानं डॉक्टरीण बाहेर आल्या.

तेव्हा मला वाटलं नशीब. खरं सांगते, चार वर्षं मी नशिबालाच बोल लावला. मंग एक संस्था आली, बोलली, बाळंतपणं तर आता दवाखान्यातच होतात, तर सुईणींना मालीश नीट शिकवू, म्हणजे हाताला काम राहील. आठ जणींना नाशिकला नेलं तीन महिने. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर पाय काढला. बोलले, एकच पाय सुजलेला, गरम, दाबला तर दुखणारा, तिथं कधीच हात लावायचा नाय, आत रक्ताची गाठ असते, चोळली की सुटते, वर जाते आणि छातीत अडकते. बाळंतिणीला हे जास्त होतं. सिझरवालीला त्याहून जास्त. — सगळ्या जणींनी लिहून घेतलं. माझ्या बाजूला हौशी होती, खोडाळ्याची, ती बोलली, लिही ना चंपे, पेन चालत नाय का? मी पेन धरून बसले होते. जेवणाच्या सुट्टीत सरांना गाठलं, विचारलं, सर, समजा कोणी चोळलं, आणि दवाखान्यात खरं सांगितलं, तर वाचतं का माणूस? सर बोलले, लगेच कळलं तर कधी कधी वाचतं, कधी कधी नाय. — बघ, असं बोलले. 'वाचतच नाय' असं बोलले असते तर मी झोपले असते. कधी कधी. पाच वर्षं झाली, मी त्या कधी कधीमध्येच राहते.

तुला हे सगळं कशाला सांगितलं मी. तू आलीस वेबसाईट करायला. — नाय, रडत नाय, हे डोळ्याला पाणी येतंच माझ्या.

बघ, सूचना वर का हवी ते ऐक. मागच्या महिन्यात एक बाळंतीण आली, सासू घेऊन आली होती. एक पाय सुजलेला. मी हात लावला नाय, बोलले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. सासू चिडली, बोलली — सर्टिफिकेट भिंतीला लावलं तर चंपाबाई मोठी झाली, आम्ही दुसरीकडं चोळून घेऊ, आणि उतरली जिना. खरंच चालली होती दुसरीकडं. मी चप्पल न घालता जीप स्टँडपर्यंत पळाले, तिला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, माझी लेक मीच अशी चोळून घालवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला बोलले. त्या बाईनं सुनेचा हात धरला आणि दवाखान्याच्या वाटेला लागली. पोर बरी आहे. नुसतं नको बोललं की कोणी ऐकत नाय, पोरी. खरं सांगितलं की ऐकतात. पण असं मी किती जणींच्या मागं पळू? तुझी ही वेबसाईट पळेल ना.

भावेश वाचेल, माहीत आहे मला. त्यानं बघितल्याशिवाय तू चालू करणार नाय, तसं ठरलंय तुमचं. कदाचित कवितेला पाठवणार नाय मे महिन्यात. कदाचित कधीच नाय पाठवणार. त्याचं चुकलं असं मी बोलणार नाय. मी किती वेळा ठरवलं, आज रविवार आहे, आज सांगते — आणि तो बोलतो, आई, जेवलीस का, की मी बोलते, हो, जेवले. तोंडानं नाय होत माझ्याच्यानं.

लिही. मी सांगते तसं लिही. — बाळंतपणानंतर एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला, तर मालीश करू नका, कुणाकडून करून घेऊ नका, दवाखान्यात जा. आधी चोळला असेल तर तिथं खरं सांगा, ओरडले तरी सांगा. — लिहिलंस? — मी माझ्या लेकीचा असा पाय चोळला. तिचं नाव वर्षा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाय बोलले. ती गेली. — खाली माझं पूर्ण नाव घाल. चंपा, आणि मध्ये सावळ्याचं नाव घाल, नवरा होता माझा, त्याला पण मी सांगितलं नव्हतं, तसाच गेला. — वाचून दाखव.

हां. असंच. एक अक्षर बदलू नको, गोड करू नको. आता भावेशला पाठव, व्हॉट्सॲपवर. घरी जाऊन नाय, आत्ता, माझ्यासमोर. नंतर माझा धीर राहणार नाय, मी तुला फोन करून काढ बोलेन. पाठव गं.

गेलं? दोन टिका आल्या? — जेवणाची सुट्टी असेल त्याची आता, फोन हातातच असतो. — निळ्या झाल्या? — बरं. — मिट तो लॅपटॉप. नाय, थांबू नको, मला कोणी नको आहे आता. जा पोरी. जाताना दार ओढून घे.