शेवटचं बोट

सहदेव : पण त्या पत्रावर माझी सही आहे का, दादा? नाही ना? सही कारखानीस साहेबांची आहे.

गुणाजी : बघितली. चष्मा लावून बघितली.

सहदेव : मग माझ्याशी असं का बोलताय?

गुणाजी : मी कुठे बोलतोय? आल्यापासून तूच बोलतोयस.

वनमाला : भावजी, उंबऱ्यात उभे कित्याक? ह्या घरात तुमका ‘बसा’ म्हणूक लागला काय कधी? चाय ठेवतंय.

सहदेव : नको वहिनी, खरंच नको.

वनमाला : नको कित्याक? पत्र कंपनीचा आसा. चाय माझी आसा.

गुणाजी : बस रे. रविवारचा दहिसरहून मुलुंडला आलास, दोन बस बदलून. उभ्याने जाऊ नको.

सहदेव : पत्र नीट वाचलंत ना?

गुणाजी : क्षमाने वाचलं. डिक्शनरी घेऊन बसली होती पोर. वापीच्या गोदामात बदली. एक जूनला हजर व्हायचं, नाही झालो तर मी आपण होऊन राजीनामा दिला असं कंपनी समजणार. तिने मला विचारलं, बाबा, तिकडे काय काम? म्हटलं, डबे मोजायचे. बावीस वर्षं त्या डब्यांतला रंग जुळवला, आता बाहेरून मोजायचे.

वनमाला : पुढल्या वर्साक तिची दहावी आसा. तिका हय ठेवायची काय वापीक न्यावची, ह्या कोणी सांगूक नाय त्या पत्रात.

सहदेव : वहिनी, मला शुक्रवारी संध्याकाळी कळलं. देवाशपथ. पाच जणांना पत्रं निघाली तोवर मला पत्ताच नव्हता.

गुणाजी : शेड-रूममध्ये आम्ही सहा. पत्रं पाच.

सहदेव : हो.

गुणाजी : सहाव्याला काय दिलं?

सहदेव : दादा...

गुणाजी : सांग की. आनंदाची बातमी असली तर तीही सांगावी.

सहदेव : कॉम्प्युटर सेक्शनचा इन्चार्ज केलंय. एक तारखेपासून.

गुणाजी : झकास.

वनमाला : अगो बाई. मगे साखर जास्त घालतंय.

सहदेव : वहिनी, टोमणे मारू नका हो. मी काय मागायला गेलो होतो? मला पण फसवलंय त्यांनी.

गुणाजी : तुला दसरा आठवतो?

सहदेव : नका काढू तो विषय.

गुणाजी : ती एसी खोली, रंग जुळवायच्या नव्या मशीनला हार, पडद्यावर हळदकुंकू. साहेबांनी नारळ फोडला आणि म्हणाले, हे मशीन कुणाच्याही ताटातला घास काढणार नाही. आम्ही कुणी टाळी वाजवली नाही. आठवतं? आपल्या शेड-रूमचा खंडू तर पायांकडे बघत उभा होता. मग तू पुढे झालास. म्हणालास, साहेबांवर नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवा, मी शब्द देतो. तेव्हा टाळ्या वाजल्या. पहिली मी वाजवली.

सहदेव : मला खरंच वाटलं होतं तसं.

गुणाजी : तेच तर. खोटं बोलला असतास तर मला लगेच कळलं असतं. तू पोरगा होतास तेव्हापासून मी तुला ओळखतो.

वनमाला : घ्या चाय. माका एक सांगा, दोन दिस झाले, हे धड जेवूक नाय, आणि नुसते पुटपुटतत, बोट दिलंय, बोट दिलंय. ह्या बोट म्हणजे काय ता?

सहदेव : तुम्हाला माहीत नाही?

वनमाला : पंचवीस वर्सां संसार केलंय, माका कोणी सांगूक नाय.

गुणाजी : सांगायचं नसतंच ते कुणाला. आमच्या आधीचे धोंडू मिस्त्री, त्यांची शिस्त होती ती. हे बघ, रंग बनवायचा म्हणजे कार्ड असतं. अमुक पूड इतकी, तमुक इतकी. कार्डाप्रमाणे सगळं घातलं तरी रंग एका केसाने मागे राहतो. पूड दर खेपेला सारखी येत नाही. मग खिडकीशी जायचं, उत्तरेच्या उजेडात, झाकणावर रंग बोटाने ओढायचा, बघायचा. आणि मग जे कमी पडतंय ते थेंबभर घालायचं. कशाचा थेंब, कुठली पूड आली की किती, ते ज्याच्या त्याच्या डोक्यात. त्याला आम्ही शेवटचं बोट म्हणतो. कार्डावर ते कधी लिहायचं नाही. रिटायर होताना एकाच माणसाला द्यायचं, त्याच्याकडून नारळ घेऊन.

सहदेव : धोंडू मिस्त्रींनी मला नऊ शेड दिले होते.

गुणाजी : मीच सांगितलं त्यांना, सहदेवला द्या म्हणून. आणि मशीन आलं तेव्हा काय झालं, तेही सांग तिला.

सहदेव : साहेबांनी सगळी कार्डं मशीनला भरवली, वहिनी. महिनाभर बसून. आणि एकही शेड बरोबर निघेना. क्रीम पिवळट, निळा मातकट. परदेशातून इंजिनियर आला, त्याला काही कळेना. कळणार कसं? कार्डं सगळी अर्धीच.

वनमाला : मगे तुमका बोलावल्यानी.

सहदेव : साहेब म्हणाले, सहदेव, मला ते सांगणार नाहीत, तुम्हाला सांगतील.

गुणाजी : आणि सांगितलं. डिसेंबर ते मे, रोज पाळी सुटल्यावर एक तास. तू खुर्चीवर, मी स्टुलावर. त्या एसीत माझे गुडघे धरायचे. बासष्ट शेड. मी बसलो म्हणून खंडू बसला, खंडू बसला म्हणून बाकीचे.

वनमाला : बासष्ट! माका एक सांगूक नाय, आणि भावजींका बासष्ट सांगलास!

गुणाजी : नारळसुद्धा घेतला नाही त्याच्याकडून.

सहदेव : मला किती लाज वाटतेय ते तुम्हाला काय सांगू, दादा. शुक्रवारपासून त्या खोलीत पाय टाकावासा वाटत नाही.

गुणाजी : पिशवीत काय आहे?

सहदेव : काही नाही. कागद आहेत.

गुणाजी : आल्यापासून मांडीवर धरून बसलायस.

सहदेव : बुधवारी अंधेरीला हॉटेलात एक सेमिनार आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे साठेक मॅनेजर येणारेत. साहेबांचं भाषण आहे, कॉम्प्युटर आणताना माणसं कशी सांभाळावी यावर. शेवटी दहा मिनिटं मी बोलायचंय. कामगारांच्या वतीने.

गुणाजी : कुठल्या कामगारांच्या?

सहदेव : नाही जाणार मी. ठरवलंय.

गुणाजी : ठरवलंयस तर कागद कशाला बाळगतोस? वाच.

सहदेव : इंग्लिशमध्ये आहे.

गुणाजी : मग मराठीत सांग. साहेब आमच्याबद्दलच बोलणार ना, आम्हालाही कळू दे.

सहदेव : मी माझं शेवटचं पान तेवढं वाचलंय. बाकीचं त्यांचं आहे. शनिवारी त्यांच्या सेक्रेटरीने सगळं एकत्रच दिलं.

वनमाला : वाचा मगे. आमी पण सेमिनार ऐकूक नाय कधी.

सहदेव : ‘यंत्र विकत घेता येतं, माणसाचं मन विकत घेता येत नाही. म्हणून बदल करणाऱ्याने आधी माणसांना विश्वासात घ्यावं.’ हा पहिला मुद्दा.

गुणाजी : बरा आहे. पुढे?

सहदेव : ‘दुसरा मुद्दा. पुढाकार वरून येऊ नये.’ ... तिसरा मुद्दा असा आहे की...

वनमाला : थांबा, भावजी.

सहदेव : काय झालं?

वनमाला : माका इंग्रजी येणा नाय, पण डोळे आसत. तुमचा बोट पाच वळी खाली गेला आणि तोंडातून एकच वळ इली.

गुणाजी : वाच, सहदेव.

सहदेव : ‘कामगार साहेबाचं ऐकत नाही, आपल्यातल्या माणसाचं ऐकतो. असा एक माणूस हेरा. तो प्रामाणिक हवा. त्याला सगळं सांगू नका, कारण ज्याला सगळं माहीत असतं त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. त्याचा स्वतःचा विश्वास बसला पाहिजे, मग बाकीचे आपोआप येतात. आमच्याकडे असा एक माणूस होता. आज तो इथे हजर आहे.’

वनमाला : चाय निवली तुमची.

सहदेव : हेरला. मला हेरला त्यांनी. प्रामाणिक म्हणून हेरला!

गुणाजी : तिसरा मुद्दा राहिला.

सहदेव : नाही वाचवत, दादा.

गुणाजी : मला ऐकवतो. वाच.

सहदेव : ‘किती माणसं लागणार हे मशीनची ऑर्डर देतानाच ठरवा आणि कागदावर ठेवा. नंतर मन कच्चं होतं. आम्ही मार्चमध्येच ठरवलं होतं, सहाच्या जागी एक. तो आकडा योग्य वेळ येईपर्यंत जाहीर केला नाही.’

गुणाजी : मार्च म्हणजे गेल्या वर्षीचा?

सहदेव : पंच्याऐंशीचा. दसऱ्याच्या आधी सात महिने. म्हणजे नारळ फोडताना... तो माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता हो! आणि सगळं ठरलेलं होतं. त्याने मला वापरलं, दादा. वापरलं!

गुणाजी : हो. तुला त्याने वापरलं. पण आमच्याकडे विचारायला तो आलाच नव्हता. आमच्यासमोर तू होतास.

(वनमाला निवलेला कप उचलून दुसरा ठेवते.)

सहदेव : मी फक्त माफी मागायला नाही आलो. एक मार्ग आहे. म्हणून आलो.

गुणाजी : कसला मार्ग?

सहदेव : पाच पत्रांतलं दादूचं काल मागे घेतलं.

गुणाजी : दादूचं?

सहदेव : बॉटल ग्रीन बिघडला. तीन बॅच परत आल्या. मशीन म्हणतं बरोबर आहे, गिऱ्हाईक म्हणतं काळपट आहे. दादूने त्याचं बोट मला चुकीचं सांगितलं होतं. मुद्दाम. काल साहेबांनी त्याला बोलावलं, तर सरळ तोंडावर म्हणाला, मी हिरव्याची दोन बोटं मागे ठेवलीत, वापीला पाठवा आणि बघा. झालं, तासाभरात बदली रद्द.

वनमाला : शाबास त्याची.

गुणाजी : दादूने तुला खोटं सांगितलं.

सहदेव : बरं केलं! वाचला ना? त्याचं घर वाचलं. म्हणून विचारतोय, दादा. बासष्ट शेड दिलेत, पण तुमच्यासारखा जुना माणूस एखादं तरी मागे ठेवतोच. ठेवलं असणारच. मोतियाचं? मोतिया तर कंपनीचा जीव आहे, दर वर्षी दिवाळीला निम्मा माल तोच. नुसतं हो म्हणा. उद्या सकाळी साहेबांसमोर उभा राहतो, सांगतो, गुणाजी गेला की मोतिया गेला. तुम्हाला त्याच खोलीत खुर्ची देतील. क्षमाला शाळा बदलायला नको.

वनमाला : सांगा ना. ठेवलास काय एक तरी?

गुणाजी : नाही.

सहदेव : आठवा. एखादं राहिलं असेल. विसरून.

गुणाजी : विसरलेलं एक होतं. मोतियाचंच. पूड थोडी जुनी असली की काळ्याबरोबर किंचित तांबडाही लागतो. ते मला घरी आल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी येऊन तुला सांगितलं. तू अजून रंगाचा डबासुद्धा उघडला नव्हतास.

सहदेव : का आलात? कोणी बोलावलं होतं तुम्हाला?

गुणाजी : अर्धवट दिल्यासारखं वाटत होतं.

सहदेव : मग ऐका. मीच काढतो ते मशीनमधून. मी इन्चार्ज आहे, कुणाला कळणार नाही. तांबड्याचा आकडा पुसतो. चार दिवसांत मोतिया बिघडेल, बोंब होईल, साहेब स्वतः गाडी पाठवतील तुमच्या दारात.

वनमाला : असा होता काय? मगे करा तसा, भावजी.

गुणाजी : करायचं नाही.

वनमाला : कित्याक नाय? पोरीचो तरी विचार करा.

गुणाजी : माझा मोतिया बिघडवायचा नाही. लोकांच्या भिंतींवर आहे तो. ह्या आपल्या भिंतीवर आहे. आणि सहदेव, तू आता ह्या घरासाठी खोटा आकडा घालणार, उद्या कुणासाठी घालशील?

सहदेव : मग मी काय करू? तुम्हीच सांगा. मला हे सहन होत नाही. दादूने फसवलं, तो राहिला. मी फसलो, मी इन्चार्ज झालो. आणि तुम्ही...

गुणाजी : बुधवारी जा तू अंधेरीला.

सहदेव : काय?

गुणाजी : जा. दहा मिनिटं दिलीत ना? ते शेवटचं पान घरी ठेव आणि जा.

सहदेव : तिथे काय बोलू?

गुणाजी : झालं ते. नारळ, टाळ्या, मार्चचा आकडा. मग कुणीतरी विचारेल, हा म्हातारा एवढा मुरलेला माणूस, सगळे काही ना काही मागे ठेवतात, याने एकही कसं ठेवलं नाही?

सहदेव : तर काय सांगू?

गुणाजी : सांग, ‘कारण त्याला विचारणारा मी होतो.’