जाळीवरचं मीठ

तसं नाय, मुरारी. पाण्यानं जाळी सडली म्हणालास ना — मग कुणाच्या पाण्यानं, तेही माझ्या तोंडावर बोल. मालकानं तुला महाडाहून मोटारीचं इंजिन गार ठेवणारी जाळी बदलायला धाडलंय, का माझ्यावर नजर ठेवायला? बदल की. मी इथनं हलत नाय. आणि ती जुनी उतरवलेली माझ्या पुढ्यात ठेव. पिशवीत नको. तांबं हाय, मला कळतं. हसतोस काय — मिस्त्र्यांचे हात मी ओळखून हाय.

पोलादपुरास घाट चढायच्या आधी हरेक मोटार या भागोजीच्या दारात थांबते. का थांबते? झऱ्याचं पाणी, फडक्यातून गाळून जाळीत ओततो मी. गोरा साहेब उतरून प्यायलाय, मोटारीला काय धाड भरली? — काय म्हणाला मालक? ज्याच्या पाण्यानं नुकसान झालं त्याला काढून टाकणार? टाकू दे. आधी माणूस तर ओळखा. माझ्या पोराला, महिपतला विचार, तोच चालवतो ना ही मोटार. दासगावास बोटीची माणसं घेतो, घाट चढवून वर नेतो, अजून कुणाला खरचटलं नाय. नाते गावची पोरगी ठरलीय त्याला. डायवर म्हणून देतायत — नायतर वाडीवरच्या घरात कोण देतंय? त्याच्या बापाच्या पाण्यात खोट असेल?

बस इथं. ही नळी बघ. गळली तिथं पांढरं काय धरलंय? चुना? चाटून बघ. चाट रे, मरत नाय, मीपण चाटलं. खारट ना? आता झऱ्यावर चल, ओंजळभर पी. खारट लागलं तर उद्यापासून हंडा उचलणार नाय. हे डोंगरातलं मीठ नाय, हे खाडीचं. भरतीला दासगावच्या धक्क्याला खारं पाणी लागतं. विहीर वर गावात, मोटार तापलेली, मागनं बोटीची माणसं बोंबलतात — वर कोण जातो? दिला डबा खाडीत बुडवून. सडेल नाय तर काय होईल? सांगोवांगी नाय बोलत मी, डोळ्यांनी बघितलं. मेव्हणीला आणायला गेलो होतो धक्क्यावर. म्हटलं, अरे हे काय ओततोस — तर म्हणतो, काय होतंय बाबा, पाणी ते पाणी —

काय बघतोस?

बाबा मला सगळेच म्हणतात. वाटेवरचा कुणीही म्हणतो. — क्लीनर असेल. — नाय या मोटारीला क्लीनर? बरं, नाय. मग लांबून बघितलं असेल मी. डोळ्यांना धड दिसत नाय हल्ली. दुसरी मोटार असेल.

तो पाना खाली ठेव जरा.

मालक विचारील तर सांग, झऱ्याचं पाणी खराब हाय. म्हातारा गाळत नाय, मिळेल ते ओततो, असं सांग. आल्या आल्या तूच म्हणत होतास ना? मग आता मान कशाला हलवतोस? मी सांगतोय ते सांग. पोराला काय बोलायचं ते मी बोलेन, घरात. हळद लागायचीय त्याला.

ते पांढरं मी पुसतो. तू नवी बसव, गाडी सुटायची वेळ झाली. — भरायला पाणी? तिकडे ओढ्यावर जा, डबा घेऊन. हंड्याला हात लावू नको. झऱ्याचं हाय ते. खराब हाय म्हणालो ना.