बेरजेचा लॉग आणि पहिला आंबा

धानोऱ्याच्या स्टँडवर मोहाचा वास पेंगत होता. सुट्टीवरून गडचिरोलीच्या होस्टेलला परत निघालेल्या अकरावीच्या दोघी, बुधरी आणि कहकशाँ, माझ्या शेजारी वही उघडून बसल्या. मी डोळे मिटून घेतले.

"कहकशाँ, उद्या गणितात नापास झाली तं बाबा मले कायमचं गावाले नेते."

"काऊन होशील? सांग. ए वर्ग अधिक बी वर्ग बरोबर सात एबी, यावरून लॉग ए अधिक लॉग बी काढाचं हाय."

"दोन्हीकडे लॉग घेतला."

"लगेच? अवं बुधरी, बेरजेचा लॉग फुटत नाई. तुमच्या गावात आंबा दिसला का तोडता?"

"नाई वं! पंडुम सणाची पूजा झाल्याबिगर नव्या आंब्याले कोणी हात नाई लावत."

"मंग इथीबी आधी पूजा कर. दोन्हीकडे दोन एबी मिळव."

"थांब... ए अधिक बीचा वर्ग, बरोबर नऊ एबी. नवानं दोन्हीकडे भागतो. ए अधिक बी भागिले तीन, पुऱ्याचा वर्ग, बरोबर एबी."

"आता?"

"आता गुणाकार हाय. आता लॉग घेतो. उजवीकडे लॉग ए अधिक लॉग बी... फुटला वं, कहकशाँ!"

"चाल, बस लागली."

"तू जागा धर. मी बाबाले फोन करतो, होस्टेलातून माही पेटी न्यायले येऊ नका म्हणून."