साहेबाला मराठी येत नव्हतं

आपल्या इब्राहिमला तेव्हा दुबईच्या बंदरावर नोकरी लागत होती. इंग्रज साहेबाने त्याची पोलीस-नोंद थेट रत्नागिरीहून मागवली. म्हणाला, "कॉन्फिडेन्शियल आहे, कुणाला कळणार नाही."

उत्तर आलं मराठीत. साहेबाला वाचता येईना, म्हणून त्याने ऑफिसातल्या एकुलत्या एका मराठी क्लार्कला बोलावलं. ते कासमचाचा, इब्राहिमचे होणारे सासरे. दारूबंदीत बाटल्या विकताना पकडला जाऊन इब्राहिम महिनाभर आत होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

इब्राहिमच्या समोरच चाचांनी कागद शांतपणे वाचला. "काही नाही साहेब, क्लीन आहे."

बाहेर आल्यावर इब्राहिम त्यांचे आभार मानू लागला.

चाचा म्हणाले, "कुणाच्या पोटावर पाय देणं मला जमत नाही. उद्यापासून कामावर ये. लग्न मात्र खलास."